आल्प्सच्या गोठ्यात पाहुणे म्हणून जाताना

स्वित्झर्लंडच्या सहलीत एखादा डोंगरातला गोठा पाहायचा बेत असेल, तर सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला गाई चरताना पाहायच्या आहेत, धार काढताना पाहायची आहे, की चीज होताना पाहायचं आहे? तिन्हींच्या वेळा वेगळ्या आहेत, आणि आपली मंडळी बहुतेकदा तिन्ही चुकवून भर दुपारी बाराला तिथे पोहोचतात. त्या वेळी गाई लांब कुरणात गेलेल्या असतात, नाहीतर माश्यांचा त्रास टाळायला अंधाऱ्या गोठ्यात रवंथ करत बसलेल्या असतात. चीजची कढई घासून कोरडी झालेली असते. पहाटे साडेचारला उठलेलं घर घटकाभर आडवं झालेलं असतं. मग घंटा, गाय आणि मागे डोंगर असा एक फोटो काढून सगळे परत फिरतात.

मी गोठ्याच्या घरात वाढले. आमच्याकडे दोन म्हशी आणि एक जर्सी होती, आणि धारेच्या वेळी कुणी पाहुणा आला की आजी त्याला ओसरीवरच थांबवायची, कारण अनोळखी माणूस दिसला की जनावर पान्हा चोरतं, म्हणजे दूध उतरू देत नाही. आल्प्समधली गायही चोरते. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली तरी पुढच्या निम्म्या सूचना आपोआप पटतील.

कोणत्या महिन्यात, किती वाजता

डोंगरातल्या स्विस शेतकऱ्याचं वर्ष दोन घरांत विभागलेलं असतं. हिवाळ्यात गाई खाली दरीतल्या गोठ्यात असतात आणि साठवलेलं गवत खातात. बर्फ वितळलं की मेअखेर किंवा जूनमध्ये त्या वर चढतात. काही ठिकाणी मधल्या उंचीवरच्या कुरणात आधी काही आठवडे मुक्काम होतो आणि मग सगळ्यात वरचं कुरण गाठलं जातं. या वरच्या कुरणाला आणि तिथल्या लाकडी घराला मिळून ‘आल्प’ म्हणतात. पर्वतरांगेचं नाव आणि कुरणाचं नाव एकच, म्हणून नवख्याचा गोंधळ होतो. वरचा मुक्काम साधारण शंभर दिवसांचा असतो आणि सप्टेंबरमध्ये गाई फुलं-घंटा लेवून खाली उतरतात. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने या मोसमी परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

म्हणजे एप्रिलच्या सुट्टीत गेलात तर वरचं आल्प बंदच असणार. तेव्हा दरीतला गोठा पाहा. तोही पाहण्यासारखा असतो, आणि वासरं तर तिथे बहुधा जास्तच भेटतात. खरं आल्प पाहायचं असेल तर जूनअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा.

आता घड्याळ. धार पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी पुन्हा त्याच सुमाराला निघते. चीज सकाळच्या धारेनंतर लगेच सुरू होतं, म्हणून ते पाहायचं तर सात-साडेसातपर्यंत दारात हवं. हॉटेलातला नाश्ता त्या दिवशी सोडा.

जागा कशी शोधायची

पहिल्यांदाच जाणाऱ्याने प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या चीजघरापासून सुरुवात केली तर हरकत नाही. ग्रुयेरजवळ प्रांजीला, एमेन्टालमध्ये अफोल्टर्नला, अपेनझेल भागात श्टाइन गावी अशी चीजघरं आहेत. काचेपलीकडून सगळं नीट दिसतं आणि मुलांना समजतं. मात्र तिथे कुटुंब नसतं, आणि आपण कुटुंबाकडे जायला निघालोय.

त्यासाठी माझ्या मते सगळ्यात सोपा दिवस १ ऑगस्ट. हा स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन. १९९३ पासून या दिवशी देशभरातली शेतकरी कुटुंबं आपल्या अंगणात लोकांना सकाळच्या भरपेट न्याहारीला बोलावतात. घरचा पाव, लोणी, चीज, मुरांबे आणि गवताच्या खळ्यात मांडलेली लांबच लांब बाकं. जागा आधी नोंदवावी लागते आणि ठरलेले पैसे द्यावे लागतात. त्या दिवशी पाहुण्यांसाठीच दार उघडलेलं असतं, त्यामुळे आपण कुणाच्या कामात लुडबुडतोय असं वाटत नाही.

इतर दिवशी शेतघरात मुक्काम करणं उत्तम. बर्नर ओबरलान्ड, म्हणजे इंटरलाकेन आणि ग्रिंडेलवाल्डचा भाग, तिथे आपले लोक जातातच. त्याच भागात, झिमेन्टालच्या खोऱ्यात किंवा जानेनच्या बाजूला, शेतकऱ्यांच्या घरी खोल्या मिळतात. काही ठिकाणी गवताच्या गादीवर झोपायची सोय असते. गावातल्या पर्यटन कार्यालयात जाऊन ‘पाहुण्यांना गोठा दाखवणारं घर कोणतं?’ असं विचारलं तर ते फोन करून ठरवूनही देतात.

पत्र किंवा ईमेल लिहाल तेव्हा चार गोष्टी स्पष्ट लिहा: माणसं किती, मुलांची वयं काय, किती वाजता पोहोचणार, आणि शाकाहारी असाल तर तेही. ‘आम्ही सकाळी येऊ’ एवढंच लिहिलं तर त्यातून त्यांना काहीच कळत नाही. सव्वासात लिहिलं असेल तर सव्वासातला हजर राहा. आपण उशिरा गेलो म्हणून दूध थांबत नाही.

सामान भरताना: तूप घरी ठेवा

हा भाग लक्ष देऊन वाचा, कारण इथली चूक दुसऱ्याचा गोठा रिकामा करू शकते.

भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ सामानातून स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. त्यात साजूक तूप आलं, पेढे आले, खव्याची बर्फी आली, चक्का आला. ताजी फळंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. नारळ, केळी, अननस, खजूर अशा मोजक्यांना सूट आहे, आंब्याला नाही. त्यामुळे यजमानांसाठी हापूसची पेटी न्यायची प्रेमळ कल्पना मनातच ठेवा. चहा न्या, सुके मसाले न्या, कोकणातले भाजलेले काजू न्या.

या कडकपणाचं कारण आपल्याकडच्या कुठल्याही गोठेवाल्याला चटकन कळेल: लाळ्या-खुरकूत. आपल्याकडे हा रोग आहे, लसी टोचाव्या लागतात, तरी साथ येतेच. स्वित्झर्लंडमध्ये तो शेवटचा १९८० मध्ये दिसला. शेजारच्या जर्मनीत १९८८ नंतर थेट जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळच्या म्हशींच्या एका कळपात सापडला, आणि तो सगळा कळप मारून टाकावा लागला. या रोगाचा विषाणू बुटाच्या तळाला चिकटलेल्या चिखलातून, कपड्यांवरून, दुधाच्या पदार्थांतून पसरतो.

म्हणून निघण्याआधीच्या काही दिवसांत तुम्ही गावाकडच्या गोठ्यात गेला असाल, तर ते बूट नेऊ नका. कपडे गरम पाण्यात धुतलेले असू द्या. भारतातला गोठा आणि तिथला गोठा यांत निदान दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा, आणि यजमानांना आधीच सांगा की आमच्या घरीही जनावरं आहेत. ते कदाचित त्यांचे गमबूट देतील, कदाचित दारातूनच पाहा म्हणतील. वाईट वाटून घेऊ नका. ज्याचा आठ पिढ्यांचा कळप आहे त्याने सावध राहिलंच पाहिजे.

बाकी सामान साधं. उंचीप्रमाणे दर हजार मीटरला साधारण सहा अंश थंडी वाढते, तेव्हा जुलैतही स्वेटर आणि पावसाचं जाकीट हवं. घट्ट तळव्याचे बूट हवेत. पूर्ण लांबीची विजार घाला, कारण गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून रोग होतात. परत आल्यावर मुलांच्या गुडघ्यांमागे आणि काखेत तपासा. आणि सुट्टी नाणी ठेवा, त्यांचं काम पुढे येईल.

वाटेवर आणि कुरणात

पिवळ्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाता येतं. परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते चढतानाच पाहून ठेवा, डोंगरात ती संध्याकाळी लवकर सुटते. पुढे चालायचं. पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, पाय सावरून टाकायचा. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर नवख्याने मागे फिरावं. पाटीवर लिहिलेल्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, त्यामुळे मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर मी ती दीडपट धरते. उन्हाळ्यात दुपारनंतर अचानक वीज-पाऊस येतो. हेलिकॉप्टर बचावसेवेचा क्रमांक १४१४ फोनमध्ये ठेवा.

वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायची तिथे पद्धत आहे. झुरिककडे ‘ग्रुएत्सी’, बर्नच्या डोंगरात ‘ग्रुएसेख’. आपल्या गावातल्या ‘राम राम’सारखंच हे, न बोलता पुढे गेलेला माणूस लक्षात राहतो.

कुरणाच्या कुंपणात वीज असते. धक्का जीवघेणा नसतो, पण लहान मूल घाबरून खाली पडतं. वाट जिथे कुंपणातून जाते तिथे प्लास्टिकची मूठ असलेला आकडा असतो. मूठ धरून सोडवा, पलीकडे जा आणि लगेच परत अडकवा. ‘मागून लोक येताहेत’ म्हणून उघडा ठेवू नका. गाई दुसऱ्या उतारावर गेल्या तर त्या गोळा करायला कुणाची तरी अख्खी संध्याकाळ जाते.

फुलांनी भरलेलं उंच गवत दिसलं की त्यात शिरून फोटो काढावासा वाटतो. कृपा करून शिरू नका. ती हिवाळ्याची वैरण आहे. तुडवलेलं गवत कापणीच्या यंत्रात नीट येत नाही, आणि त्यात पडलेला डबा किंवा प्लास्टिक गाईच्या पोटात जातं. उभ्या ज्वारीत कुणी गाडी घातली तर आपल्याला जे वाटेल, तेच तिथल्या माणसाला वाटतं.

वासरू सोबत असलेल्या गाईपासून चांगलं पन्नास मीटर लांब राहा. अशा कळपांपाशी इशाऱ्याच्या पाट्या लावलेल्या असतात. वासराला हात लावायचा नाही, कळपाच्या मधून जायचं नाही. गाय मान खाली घालून फुसफुसायला लागली तर पाठ न दाखवता सावकाश मागे सरका. गोमाता कुणाला काही करत नाही, या भरवशावर चालू नका. आईच ती, तिला आपलं वासरू राखायचं असतं.

आणि गोग्रास. हे लिहिताना मला जड जातं, कारण पहिली पोळी गाईला हा आमच्या घरचा रिवाज. तिथे मात्र डब्यातली पोळी, ब्रेड, सफरचंद, काहीही देऊ नका. दुभत्या गाईचा आहार मोजून-मापून असतो. त्यातल्या काही गाईंच्या दुधाचं पुढे नावाजलेलं चीज होतं आणि त्या चीजच्या नियमांत गाईने काय खायचं तेही लिहिलेलं असतं. हात जोडा, तेवढं पुरे.

गोठ्याच्या दारात

बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. बोटाने आतल्या बाजूला दाखवून ‘डार्फ इख?’, म्हणजे ‘येऊ का?’, एवढं विचारलं तरी समोरचा चेहरा खुलतो. गाईच्या मागून जाऊ नका, समोरून तिला दिसेल असं जा. फ्लॅश नको, मुलांची धावपळ नको. ड्रोन तर नकोच, त्याच्या आवाजाने कळप उधळतो. शेणमुताच्या टाकीच्या झाकणावर मुलांना कधीही उभं राहू देऊ नका. तिच्यातला वायू क्षणात माणसाला बेशुद्ध करतो.

धार यंत्राने निघते. आधी सड पुसतात, हाताने दोन धारा काढून पाहतात आणि मग यंत्र लावतात. तो वेळ गप्प उभं राहून पाहण्याचा. प्रश्न नंतर विचारा, आणि विचारायचेच असतील तर गोठेवाल्यासारखे विचारा: फॅट किती लागतं? दर काय मिळतो? गाय किती वेतं टिकते? आपल्याकडे साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) गाईच्या दुधाचा दर ठरतो हे मी एका ठिकाणी सांगितलं, तर मालकीणबाईंनी हातातलं काम ठेवलं आणि स्वयंपाकघरातून स्वतःचं दूधबिल आणून दाखवलं. पुढचा अर्धा तास आम्ही खाणाखुणांनी आकडेच बोलत होतो.

गाईंच्या जातीही बोलायला चांगला विषय. तांबडं-पांढरं अंग आणि पांढरं तोंड म्हणजे बहुधा झिमेन्टालची. करड्या-तपकिरी रंगाची ती ब्राउन स्विस. या ब्राउन स्विसचं आपल्याशी जुनं नातं आहे: केरळात मुन्नारजवळ मट्टुपेट्टीला १९६३ मध्ये भारत-स्विस प्रकल्प सुरू झाला, आणि कर्नालच्या दुग्धसंशोधन संस्थेत आपल्या साहिवाल गाईशी तिचा संकर करून ‘करण स्विस’ तयार झाली. शिंगांबद्दलही विचारा. गाईंची शिंगं राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी मदत मिळावी का, यावर त्या देशाने २५ नोव्हेंबर २०१८ ला चक्क सार्वमत घेतलं. प्रस्ताव पडला, पण जवळजवळ ४५ टक्के लोकांनी शिंगांच्या बाजूने मत दिलं.

एका गोष्टीची तयारी मनात करून जा. बहुतेक दुग्धशाळांत वासरू जन्मल्यावर लवकरच आईपासून वेगळं करतात. भाकड गाय आणि जास्तीचे खोंड खाटकाकडे जातात, आणि हे तिथे कुणी लपवत नाही. त्याच घराच्या दुकानात गोमांसाचे सुकवलेले तुकडे टांगलेले असतील. मुलांना आधी सांगून ठेवा. तिथल्या तिथे वाद घालायला आपण गेलेलो नाही. त्याच माणसाला रात्री दोन वाजता अडलेल्या गाईपाशी बसलेलंही मी पाहिलंय.

कढईपाशी

आल्पवर चीज का करतात, याचं उत्तर साधं आहे: तिथे रोज टँकर चढत नाही. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर थंडाव्यात ठेवतात, सकाळी वरची साय काढतात आणि ताज्या धारेचं दूध त्यात मिसळतात. मोठ्या तांब्याच्या कढईत ते बत्तीस अंशांच्या आसपास कोमट करतात. विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध घट्ट धरवणारं द्रव्य, घातलं की अर्ध्या-पाऊण तासात दूध दह्यासारखं घट्ट धरतं. मग तारा ताणलेल्या चौकटीने ते कापायचं. तिला तिथे वीणेचंच नाव आहे. कापता कापता दाणे गव्हाएवढे होतात. पुन्हा आच वाढवून पन्नास अंशांच्या वर नेतात आणि सतत ढवळत राहतात. चीज करणारा मूठभर दाणे हातात दाबून पाहतो आणि मूठ उघडून पुन्हा चुरगाळतो. आपली आजी पाक दोन बोटांत धरून तार पाहते ना, अगदी तसं. मग कापडाच्या चारी कोपऱ्यांनी सगळा गोळा एका दमात बाहेर काढतात. निवळी खाली गळते. ती बऱ्याच ठिकाणी डुकरांना घालतात.

फ्रेंच भाषिक व्हो परगण्यातल्या लेतिव्हाज चीजसाठी हे सगळं आजही लाकडाच्या आचेवरच करावं लागतं, आणि तेही फक्त १० मे ते १० ऑक्टोबर या काळात. धुराने डोळे चुरचुरतात, पण शक्य असेल तर ते पाहाच. बर्नच्या डोंगरात अठरा महिने मुरवलेलं होबेलकेझ मिळतं, ते इतकं कडक की रंध्याने सुतारासारखे पापुद्रे काढतात. ग्रुयेर चीजच्या पस्तीस किलोंच्या एका चाकाला चारशे लिटर दूध लागतं. हे आकडे कढईपाशी उभं राहून ऐकले की चीजची किंमत महाग वाटत नाही.

काय खावं, काय टाळावं

शाकाहारी वाचकांसाठी महत्त्वाचं: या पारंपरिक चीजमध्ये वापरलेलं रेनेट वासराच्या जठरातून मिळवलेलं असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी लोणी, साय, दही मागावं. शाकाहारी चालेल असं एक सुरेख नाव सांगते, ग्लारूस परगण्याचं शाबत्सिगर. साय काढलेलं दूध आंबवून, आम्लाने फाडून, रेनेटशिवाय ते करतात आणि त्यात निळ्या फुलांच्या मेथीची वाळवलेली पानं घालतात. रंग हिरवट, आकार शंकूसारखा, वास झणझणीत. १४६३ मध्ये ग्लारूसच्या नागरिकांच्या खुल्या सभेने ते कसं करायचं याचा नियम केला. लोण्यात किसून पावावर लावा. कसुरी मेथीची सवय असलेल्या जिभेला ते पहिल्या घासातच ओळखीचं लागतं.

शेतावर दुधाची यंत्रंही असतात. बाटली ठेवायची, नाणं टाकायचं. ते दूध कच्चं असतं आणि पिण्याआधी निदान सत्तर अंशांपर्यंत तापवा असं त्यावर लिहिलेलं असतं. आपण तर उकळतोच, तीच सवय ठेवा. मुलांना आणि गरोदर बायकांना कच्चं दूध किंवा कच्च्या दुधाचं मऊ चीज देऊ नका.

घराच्या दाराशी बहुधा छोटी फडताळं असतात: अंडी, चीज, मुरांबे, किंमतीची चिठ्ठी आणि पैशांचा डबा. राखण नसते. तिथली फोनवरून पैसे भरायची सोय स्विस बँकेच्या खात्यावर चालते, म्हणून नाणी लागतात. सुट्टे नसतील तर थोडे जास्त टाका, कमी कधीही नको. आणि ज्यांनी दोन तास तुम्हाला दिले, त्यांच्याकडून निदान एक तुकडा चीज किंवा लोण्याची वडी विकत घ्याच. शंभर दिवसांच्या कमाईवर त्यांचं बरंच काही चालतं.

साडेचारच्या सुमारास घंटांचा आवाज जवळ यायला लागेल. कपातला चहा संपवा, उष्टे कप आत नेऊन द्या, ‘मेर्सी’ म्हणा आणि अंगणातून गाईंच्या वाटेवरून बाजूला व्हा. त्यांची धारेची वेळ झालेली असते.